पानाला डोळा नसतो : विजया व औषधी वनस्पतींची शाखीय अभिवृद्धी

विजयेविषयीचे कुतूहल गेल्या काही वर्षांत समाजात झपाट्याने वाढले आहे. जुनाट वेदना, निद्रानाश, कर्करोगातील वमन व अरुची अशा तक्रारी घेऊन येणारे रुग्ण आता स्वतःहून 'वैद्यराज, विजयेचे काही औषध आहे का?' असे विचारतात. परसबागेची आवड असलेले, क्वचित आपल्यापैकीच काही उत्साही वैद्य व औषधनिर्माते, याच्या पुढचा प्रश्न करतात : 'भांगेचे ताजे पान देठासह मातीत लावले, तर त्यापासून रोप येते काय?' प्रश्न वरवर पाहता बागकामाचा आहे. मात्र त्याच्या उत्तरात वनस्पतिशास्त्र आहे, द्रव्याची ओळख व मात्रा आहे आणि कायदाही आहे. म्हणून प्रस्तुत लेखात या विषयाचा थोडा सविस्तर परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

उत्तर आरंभीच देतो. विजयेच्या नुसत्या पानापासून रोप होत नाही. आणि समजा झालेच, तर ते वाढविण्याचा अधिकार वैद्याला केवळ वैद्य असल्यामुळे प्राप्त होत नाही. या दोन वाक्यांची कारणमीमांसा समजून घेतली, तर तिचा उपयोग विजयेपुरता न राहता गुळवेल, अडुळसा, पिंपळी अशा आपल्या नित्य व्यवहारातील वनस्पतींनाही होईल.

डोळा म्हणजे काय?

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला शाखीय अभिवृद्धी शिकवावी लागत नाही. उसाचे बेणे निवडताना तो कांडीवरचा डोळा पाहतो. टिपरी एक डोळ्याची असो वा दोन डोळ्यांची, डोळा फुटका अथवा दबलेला असेल तर ती बाजूला टाकतो. कारण मुळ्या फुटल्या तरी कोंब डोळ्यातूनच येणार, हे त्याला पक्के ठाऊक असते. उसाचे हिरवेगार पाचट कितीही ताजे असले तरी ते कोणी सरीत लावीत नाही.

हा डोळा म्हणजेच वनस्पतिशास्त्रातील कक्षकलिका. खोडावर जेथे पान जोडलेले असते त्या पेरापाशी, पानाच्या बगलेत, ही सुप्त कलिका असते. विभाजनक्षम पेशींचा एक लहानसा पुंज तिच्यात जपलेला असतो व त्यातूनच नवे खोड, नवी पाने व पुढे फुलोरा निर्माण होतो. पान हे मात्र ठरावीक वाढ होऊन थांबणारे अंग आहे. ते अन्न तयार करते, काही काळ जगते आणि गळते. पान तोडताना देठाच्या बुडाशी तुकडा घेतला आणि कलिका खोडावरच राहिली, तर हाती आलेले पान आंधळे होय.

अशा आंधळ्या पानाला मुळ्या फुटू शकतात, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. मनी प्लांटचे पान देठापासून खुडून बाटलीतल्या पाण्यात ठेवले, तर काही आठवड्यांत पांढऱ्या मुळ्या दिसू लागतात. पाहणाऱ्याला वाटते की रोप तयार झाले. प्रत्यक्षात ते पान महिनोन् महिने तसेच राहते आणि कोंब काही येत नाही. मुळ्या येणे व रोप होणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत. देठाच्या जखमेतील पेशींना मूळ निर्माण करणे तुलनेने सोपे असते. नवीन खोडाचा वर्धनबिंदू शून्यातून घडविणे हे मात्र मोजक्याच जातींच्या पानांना साधते.

प्राचीनांची दृष्टी

आपल्या पूर्वसूरींना हा भेद अवगत होता. आचार्य हेमचंद्रांनी 'अभिधानचिंतामणि' या कोशात उत्पत्तीच्या रीतीनुसार वनस्पतींचे वर्ग सांगितले आहेत. अग्रबीज म्हणजे शेंड्यापासून होणाऱ्या, त्यात कोरांटी आदी. मूलज म्हणजे मुळा-कंदापासून होणाऱ्या, त्यात कमळ आदी. पर्वयोनि म्हणजे पेरापासून होणाऱ्या, त्यात ऊस आदी. स्कंधज म्हणजे खोडापासून होणाऱ्या, त्यात सल्लकी आदी. बीजरुह म्हणजे शाळी आदी. आणि संमूर्च्छज म्हणजे तृणादी. या यादीत पेराला स्वतंत्र स्थान आहे, पानाला नाही. वराहमिहिरांनी 'बृहत्संहिते'तील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात फणस, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग इत्यादी वृक्ष कांड लावून वाढविता येतात असे सांगून, लावण्यापूर्वी त्यास गोमयाचा लेप देण्याचा विधी दिला आहे. तेथेही लावावयाचे ते कांडच.

निघंटुकारांनी गुडूचीला दिलेल्या 'छिन्नरुहा' व 'छिन्नोद्भवा' या पर्यायनामांचा अर्थ याच संदर्भात ध्यानात घ्यावा. कापली असताही जी पुन्हा रुजते ती छिन्नरुहा. कुंपणावर टाकून दिलेला गुळवेलीचा तुकडा हवेतच मुळ्या सोडतो व पावसाच्या पहिल्या सरींनंतर पालवतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. परंतु छेद होतो तो खोडाचा. गुळवेलीचे हृदयाकृती पान मातीत खोचून वेल वाढविल्याचे कोणी ऐकिले नसेल.

पानफुटी : नियम सिद्ध करणारा अपवाद

मग पानापासून येणाऱ्या वनस्पती नाहीतच काय? आहेत. सर्वांत परिचित उदाहरण पानफुटीचे. हिलाच पर्णबीज असेही म्हणतात, व मूत्राश्मरीत पाषाणभेद म्हणून काही प्रांतांत तिचा वापर होतो. मूळची मादागास्करची ही वनस्पती आपल्याकडे आता घरोघरी दिसते. तिच्या पानाच्या कडेला असलेल्या प्रत्येक खाचेत विभाजनक्षम पेशींचा एक सुप्त पुंज असतो. पान मातीवर पडले की त्या खाचांतून मुळ्या व इवलीशी रोपे एकदमच निघतात. म्हणजेच या पानाला कडेने डोळे आहेत.

बिगोनिया, आफ्रिकन व्हायोलेट या शोभेच्या झाडांची पाने देठाच्या अथवा शिरांच्या छेदातून नवीन कलिका घडवू शकतात. सॅन्सेव्हिएरियाच्या पानाचे तुकडेही रुजतात, पण तेथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पिवळ्या काठाच्या जातीचे पान लावले असता येणारे नवे रोप बहुधा बिनकाठाचे, निव्वळ हिरवे निघते. कारण ते पानातील आतल्या थराच्या पेशींतून नव्याने घडलेले असते. पानापासून रोप आले तरी ते मातृवनस्पतीची हुबेहूब प्रत असेलच असे नाही, हा धडा औषधी वनस्पतींच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे.

उलट कोरफडीचे पान इतके मांसल असूनही मातीत लावल्यास सहसा कुजते. कोरफड बुंध्यापाशी येणाऱ्या पिलांपासून करावी. पानाचा जाडपणा अथवा त्यातील ओलावा हे रोप होण्याचे प्रमाण नव्हे.

विजयेचे पान व प्रयोगशाळा

आता विजयेकडे वळू. कॅनाबिस सटायव्हा ही वर्षायु, वायुपरागित वनस्पती असून तिच्यात नर व मादी झाडे सामान्यतः स्वतंत्र असतात. मादीच्या फुलोऱ्यावर रालयुक्त ग्रंथिरोम सर्वाधिक असतात. आपल्या परंपरेत पाने ती भांग, मादीचे पुष्पित शेंडे तो गांजा व राळ तो चरस असा भेद आहे. पानात टी.एच.सी. या मादक घटकाचे प्रमाण फुलोऱ्याच्या मानाने बरेच कमी असते.

विजयेच्या पानाच्या कडेला पानफुटीसारखे डोळे नाहीत. खुडलेल्या पानाच्या देठाला क्वचित मुळ्या आल्या तरी तेथून शेंडा निघत नाही. पेर व कक्षकलिका असलेला खोडाचा तुकडा मात्र रुजतो, व परवानाप्राप्त देशांतील व्यावसायिक लागवड प्रामुख्याने अशाच छाट कलमांवर उभी आहे.

प्रयोगशाळेत काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठात १९६८ पासून शासनाच्या अनुमतीने विजयेची संशोधनार्थ लागवड होते. तेथील संशोधकांनी २०१० मध्ये पानाच्या तुकड्यांपासून किणपेशींचा गोळा व त्यातून पुढे कोंब निर्माण केल्याचे प्रसिद्ध केले. निर्जंतुक माध्यम व नेमक्या मात्रेतील संजीवके यांच्या आधारे केलेले हे ऊतिसंवर्धन होते. त्यानंतर कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी तीच पद्धत १० वेगवेगळ्या वाणांवर करून पाहिली आणि २०२१ मध्ये आपला निष्कर्ष जाहीर केला : किणपेशी झाल्या, परंतु एकाही वाणात कोंब आला नाही. सुसज्ज प्रयोगशाळेत जे दहा वाणांना साधले नाही, ते गच्चीवरील कुंडीत साधेल अशी अपेक्षा धरणे व्यर्थ होय.

याच विद्यापीठातील २०१८ चा दुसरा अभ्यास पानाचे खरे कार्य दाखवितो. खोडाच्या कलमांवर दोनऐवजी तीन पाने ठेवली असता मुळ्या अधिक चांगल्या आल्या, आणि पानांची टोके छाटली असता रुजण्याचे प्रमाण घटले. म्हणजे पान हे कलमाची धात्री आहे. ते नव्या रोपाला अन्न पुरविते, पण जन्म देते ते पेर.

एकसारखी वनस्पती वैद्याला कशासाठी हवी?

येथे कोणी म्हणेल की हा विषय माळ्याचा, वैद्याचा त्याच्याशी काय संबंध? संबंध मात्रेचा आहे. भावप्रकाशकारांनी भांग ही तिक्त, लघु, तीक्ष्ण, उष्ण, ग्राही, पाचक, कफहर व पित्तकर सांगून ती मोह व मद वाढविणारी असल्याचेही स्पष्ट केले आहे. शार्ङ्गधरांनी व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून भांग व अहिफेन यांचाच निर्देश केला. पचनापूर्वीच सर्व शरीर व्यापणाऱ्या अशा द्रव्याच्या मात्रेत ढिलाई परवडत नाही.

जातिफलादि चूर्णाचे उदाहरण घेऊ. या पाठात अन्य सर्व द्रव्यांच्या एकत्रित वजनाइतकी भांग व त्या सर्वांइतकी शर्करा घालावयाची असते. म्हणजे सिद्ध चूर्णाचा एक चतुर्थांश भाग भांग झाली. रुग्णास ३ ग्रॅम चूर्ण दिले, तर त्यात ७५० मिलिग्रॅम भांग जाते. आता समजा, एका खेपेच्या भांगेत टी.एच.सी.चे प्रमाण अर्धा टक्का आहे आणि दुसऱ्या खेपेत दोन टक्के. शोधनातील घट क्षणभर बाजूला ठेवली, तर पहिल्या खेपेतून रुग्णाला पावणेचार मिलिग्रॅम घटक मिळेल व दुसरीतून १५ मिलिग्रॅम. डबीवरचे नाव तेच, पाठ तोच, चमचा तोच, परंतु प्रत्यक्ष मात्रा चौपट. ग्रहणीच्या वृद्ध रुग्णास पहिली खेप मानवते व दुसरी भ्रम आणते, तेव्हा दोष पाठाला लागतो. खरे कारण कच्च्या द्रव्यात असते.

बियांपासून वाढलेल्या विजयेत ही तफावत अटळ आहे. परपरागणामुळे प्रत्येक बी निराळे, त्यातून निम्मी झाडे नर. पूर्वी बंगालमधील, आता बांगलादेशात असलेल्या नौगाव भागात गांजाची नियंत्रित शेती होत असे. १८९३-९४ च्या भारतीय हेंप ड्रग्ज आयोगाने तिचे सविस्तर वर्णन केले आहे. तेथे पोद्दार नावाचे जाणकार शेतात फिरून नर झाडे ओळखीत व उपटून टाकीत. फुलोरा येण्यापूर्वी लिंग ओळखण्याची ती पारख मोठीच होती. पण मादी झाडामाझाडांतील गुणभेद त्या पारखीनेही मिटत नव्हता.

शाखीय अभिवृद्धीने तो मिटतो. एका तपासलेल्या मादी मातृवनस्पतीची कलमे म्हणजे तीच वनस्पती अनेक जागी. महाराष्ट्रातील डाळिंब बागायतदाराला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. भगव्याचे बी पेरून भगवा मिळण्याची शाश्वती नसते, म्हणून तो गुटी कलम आणतो. औषधी द्रव्याच्या बाबतीतही हीच शाश्वती आपण मागावयास हवी. अर्थात कलम एक असले तरी ऊन, पाणी, तोडणीचा काळ, सुकविण्याची व साठवणीची रीत यांनी गुण बदलतात. म्हणून एकसारखे कलम हा प्रमाणीकरणाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. प्रत्येक खेपेची तपासणी त्याने टळत नाही.

कलमाबरोबर दोषही येतात

कलमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जी प्रत गुणांची, तीच प्रत दोषांची. डाळिंबावरील तेल्या रोगाने सोलापूर, नाशिक भागांतील बागांचे जे नुकसान केले, त्यात रोगट बागेतून आणलेल्या कलमांचा वाटा मोठा होता. विजयेच्या बाबतीत हॉप लेटंट व्हायरॉइड नावाचा सूक्ष्म रोगकारक २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील लागवडीत आढळला. वाढ खुंटणे व रालेचे प्रमाण घटणे ही त्याची लक्षणे होत. तो मुख्यतः रोगट मातृवनस्पतीच्या कलमांतून व छाटणीच्या अस्वच्छ कात्रीतून पसरतो. वर्षानुवर्षे जपलेल्या मातृवनस्पतीत पेशीगत बदल साठत जातात, असेही २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळून आले.

त्याहून गंभीर दोष चुकीच्या ओळखीचा. मातृवनस्पतीच चुकीची असेल, तर तिची शंभर कलमे म्हणजे शंभर वेळा तीच चूक. गुळवेलीची अलीकडील चर्चा सर्वांच्या स्मरणात असेल. मुंबईतील सहा रुग्णांत गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सेवन केलेली वनस्पती नेमकी कोणती याची निश्चिती झालेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला, व टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया आणि टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेद लोकांपुढे मांडला. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात व त्यातून दुधाळ स्राव येतो. कॉर्डिफोलियाचे खोड हिरवट, बिनगाठींचे व स्राव दुधाळ नसलेला. पुढे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासाने हा प्रश्न केवळ अदलाबदलीचा नसून काही रुग्णांतील यकृताच्या स्वप्रतिरोधी प्रकृतीचाही आहे, असे सुचविले. त्या चर्चेचा निर्णय काहीही होवो, द्रव्य कोणते दिले याचे लेखी उत्तर वैद्यापाशी नसेल तर त्याला चर्चेत भागच घेता येत नाही. कुंपणावरून कापून आणलेल्या वेलीला असे उत्तर नसते.

कायद्याच्या दृष्टीने पान आणि झाड

अंमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याबद्दल आपल्या क्षेत्रात एक अर्धवट समज प्रचलित आहे. 'भांग कायद्यात येत नाही' असे सर्रास म्हटले जाते. वस्तुस्थिती अशी आहे की, कलम २(३) मधील कॅनाबिसच्या व्याख्येत चरस, गांजा व त्यांची मिश्रणे येतात. शेंड्यांविना असलेली पाने व बिया गांजाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. पण लगेच पुढील २(४) मध्ये 'कॅनाबिस वनस्पती' म्हणजे या प्रजातीचे कोणतेही झाड, अशी स्वतंत्र व्याख्या आहे. कलम ८ अन्वये वैद्यकीय वा शास्त्रीय प्रयोजन व त्यासाठीची रीतसर अनुमती यांखेरीज अशा कोणत्याही झाडाची लागवड निषिद्ध आहे. कलम २० अन्वये लागवडीस १० वर्षांपर्यंत सश्रम कारावास व १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जवळ बाळगण्याच्या बाबतीत अल्प व व्यापारी प्रमाण असा जो भेद कायद्यात आहे, तो लागवडीच्या शिक्षेला लावलेला नाही.

थोडक्यात, सुटे पान एका व्याख्येच्या बाहेर व रुजलेले झाड दुसऱ्या व्याख्येच्या आत. रोप बियांपासून आले, फांदीपासून आले की प्रयोगशाळेतील पानापासून, याला कायद्याच्या दृष्टीने महत्त्व नाही.

शिवाय सुटे पानही सर्वत्र मोकळे नाही. महाराष्ट्रात भांगेचा साठा व वापर १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली नियंत्रित असून त्यास राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये भांगेचा विषारी द्रव्यांत समावेश आहे. त्यामुळे ती असलेल्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याविषयीची सावधगिरीची सूचना छापणे बंधनकारक आहे. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्याला औषधे अधिनियमाने निर्मिती परवान्यातून सूट दिली आहे, हे खरे. पण ती सूट औषध तयार करण्याची आहे. ती लागवडीची अनुमती नव्हे, आणि भांगेच्या साठ्याचा परवानाही नव्हे. या तीन बाबी एकमेकींत मिसळू नयेत, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

शासनमान्य मार्ग बंद नाहीत. उत्तराखंड शासनाने २०१८ मध्ये टी.एच.सी. ०.३ टक्क्यांहून कमी असलेल्या औद्योगिक हेंपच्या लागवडीस परवाना दिला. जम्मू येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रेटिव्ह मेडिसिन या शासकीय संस्थेने आपल्या चाठा प्रक्षेत्रावर विजयेचे संशोधन हाती घेतले आहे. प्रमाणित मातृवनस्पती व त्यांची कलमे हे काम अशाच ठिकाणचे आहे.

वैद्य व औषधनिर्मात्यांसाठी काही सूचना

१. भांग केवळ परवानाधारक पुरवठादाराकडून घ्यावी. बिलावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेले अंग, तोडणीचे ठिकाण व काळ आणि खेप क्रमांक यांची नोंद मागावी.

२. पानांत पुष्पित शेंडे अथवा त्यांचा चुरा मिसळलेला नाही, हे डोळ्यांनी व भिंगाने पाहून घ्यावे. शेंडे मिसळलेली खेप मात्राही बदलते आणि कायद्यातील वर्गही. अशी खेप स्वीकारूच नये.

३. शक्य तेथे प्रत्येक खेपेचे टी.एच.सी.चे प्रमाण मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. अनुसूची टी अन्वये कच्च्या द्रव्यांच्या नोंदी ठेवावयाच्याच असतात. त्यांतच हा अहवाल जोडावा व खेपेचा नमुना जपून ठेवावा.

४. शोधनाची एकच रीत ठरवून तीच कायम ठेवावी. हिरवा रंग जाईपर्यंत पाण्याने धुऊन, सुकवून घृतात भाजणे असो, की गोदुग्धात स्वेदन असो, दर खेपेला रीत बदलल्यास मात्रेचा हिशेब पुन्हा कोलमडतो.

५. 'पानापासून रोप', 'घरगुती विजया' असे सांगून रोपे अथवा कलमे देऊ करणाऱ्यांपासून दूर राहावे, व विचारणाऱ्या रुग्णांनाही तसेच स्पष्ट सांगावे.

शाखीय अभिवृद्धीची हौस व विद्या यांना आपल्या परसात पुष्कळ वाव आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी गुळवेलीच्या करंगळीएवढ्या जाड, १५ ते २० सेंटिमीटर लांबीच्या व दोन-तीन पेरांच्या कांड्या लावाव्यात. वेलीवर असताना जी बाजू खाली होती तीच मातीत जाईल याकडे लक्ष द्यावे, व एक पेर तरी मातीत असावे. अडुळसा व निर्गुडी यांच्या अर्धपक्व फांद्यांची छाट कलमे तीन-चार डोळ्यांसह घ्यावीत. पिंपळीच्या वेलाचे तुकडेही पेरांसह लावावेत. ब्राह्मी पेरापेरांतून रुजते, मंडूकपर्णी धावत्या फांद्यांनी पसरते, वेखंड व हळद मूलस्तंभापासून येतात. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मातृवनस्पतीची ओळख जवळच्या महाविद्यालयातील द्रव्यगुण विभागाकडून एकदा निश्चित करून घ्यावी, तिचा वाळविलेला नमुना कागदावर चिकटवून नाव, स्थान व दिनांकासह जपावा, आणि प्रत्येक कलमाच्या चिठ्ठीवर त्या मातृवनस्पतीचा क्रमांक लिहावा. पाच वर्षांनी एखाद्या रुग्णाने अथवा अधिकाऱ्याने 'ही वनस्पती कोणती?' असे विचारले, तर त्या चिठ्ठीवरून उत्तर देता येईल.

विजयेच्या बाबतीत मात्र आपला आग्रह वेगळ्या जागी असावा. प्रमाणित मातृवनस्पती, परवानाप्राप्त प्रक्षेत्रावरील कलमे आणि खेपनिहाय विश्लेषण असलेली भांग औषधनिर्मात्यांना उपलब्ध व्हावी, अशी मागणी संघटनांनी लेखी स्वरूपात आयुष मंत्रालयाकडे व राज्य शासनाकडे सातत्याने करीत राहिली पाहिजे. जातिफलादि चूर्णाचा एक चतुर्थांश भाग ज्या पानाचा आहे, ते पान कोणत्या झाडाचे, हे आज बहुतेक औषधालयांत कोणालाही सांगता येत नाही. रुग्णाच्या हिताचा खरा प्रश्न तेथे आहे, आणि तो सोडविण्यासाठी आपल्या सर्वांचे सहकार्य अपेक्षित आहे.